कॅलाथियाच्या पानांच्या कडा का वाळतात?

नर्सरीतून आणलेलं कॅलाथियाचं झाड पहिले काही दिवस सगळ्या खोलीची शोभा वाढवतं. पानांवर कुंचल्याने काढल्यासारखी नक्षी, मागच्या बाजूला गर्द जांभळा रंग, मधोमध एखादं नवं पान अजून सुरळीतच. मग महिनाभरात पानांची टोकं तपकिरी होतात, कडा कुरकुरीत वाळतात, खालचं एखादं पान पिवळं पडतं. उपाय सुचवणारे कमी नसतात. कोणी म्हणतं पाणी वाढवा, कोणी म्हणतं कमी करा, कोणी उन्हात ठेवायला सांगतं, कोणी खत घालायला. सगळं करून झाल्यावर ‘हे झाड फार नखरेल’ असा शिक्का बसतो आणि कुंडी कोपऱ्यात जाते.

हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. कॅलाथियाच्या गरजा थोड्या आणि ठरलेल्या आहेत. अडचण इतकीच, की त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रकाश बदलला की पाण्याची गरज बदलते, पाणी चुकलं की मुळं बिघडतात, आणि या सगळ्याचा परिणाम दिसतो तो पानाच्या टोकाला. म्हणून टोकाकडे बघून उपाय शोधला तर हाती फारसं लागत नाही. सुरुवात प्रकाशापासून करावी लागते.

जंगलाच्या तळाशी

कॅलाथिया मारांटेसी कुळातला आहे. या कुळात साधारण साडेपाचशे जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातल्या वर्षावनांत, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढतात. घराघरांत दिसणारा गोल, रुंद पानांचा ऑर्बिफोलिया मूळचा बोलिव्हियाचा. मोरपिसासारख्या पानांचा मकोयाना ब्राझीलचा. आपल्या ओळखीची कर्दळ या कुळाची अगदी जवळची नातेवाईक, आणि केळ, आलं, हळद याच मोठ्या गणातली. केळीचा पोंगा उलगडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कॅलाथियाचं नवं पान बघताना ते नातं लगेच जाणवेल.

नावाचा एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. २०१२ साली डीएनएच्या अभ्यासावरून या प्रजातीची फेरमांडणी झाली आणि घरात वाढवल्या जाणाऱ्या बहुतेक जाती गोएपर्टिया या प्रजातीत गेल्या. नर्सरीतल्या चिठ्ठीवर मात्र अजून जुनंच नाव असतं. दोन्ही नावं दिसली तरी झाड तेच आणि काळजीही तीच.

दाट वर्षावनात माथ्यावर जेवढा प्रकाश पडतो, त्यातला जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो. बाकीचा वरच्या पानांनी आधीच वेचून घेतलेला असतो. अधूनमधून फांद्यांच्या फटीतून एखादा कवडसा येतो, काही सेकंद किंवा काही मिनिटं टिकतो आणि सरकतो. तळाशी वाढणाऱ्या झाडांची बरीचशी कमाई या कवडशांवर चालते. अशा जागी जगायचं तर पान रुंद हवं, म्हणजे सापडेल तो प्रकाश पकडता येईल. आणि पातळ हवं, म्हणजे ते बांधायला फार ऊर्जा लागणार नाही. वारा कमी, हवा कायम दमट, त्यामुळे जाड सालीसारख्या आवरणाची गरज नाही. कॅलाथियाचं पान नेमकं असं आहे. त्याचं सौंदर्य आणि त्याचा नाजूकपणा एकाच कारणातून आलेले आहेत.

प्रकाशाचा जमाखर्च

झाड प्रकाशात साखर बनवतं, ती त्याची जमा. जिवंत राहण्यासाठी ते रात्रंदिवस श्वसन करतं आणि त्यात साखर खर्च होते. प्रकाश इतका कमी झाला की जमा आणि खर्च बरोबरीत आले, तर झाड वाढत नाही, नुसतं तग धरतं. त्याहून कमी प्रकाशात ते साठवणीतलं खातं. सावलीतल्या झाडांचा खर्चच कमी असतो, म्हणून उन्हातलं झाड जिथे उपाशी मरेल तिथे ती निभावतात. पण त्यांचाही एक तळ आहे. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवलेला कॅलाथिया दोन-तीन महिने ठीक दिसतो, कारण गड्ड्यात आणि मुळांत साठा असतो. साठा संपला की नवी पानं लहान येऊ लागतात, देठ लांब आणि लेचेपेचे होतात, नक्षी पुसट होते. तोपर्यंत कोपऱ्याचा संशय कोणालाच येत नाही.

यात आपले डोळे आपल्याला फसवतात. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला पुरेशी उजळ वाटते. लक्स या प्रकाशाच्या एककात मोजायला गेलं तर भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली लाखभर लक्स प्रकाश असतो, खिडकीजवळ थेट ऊन नसेल तेव्हा हजार-दोन हजार, आणि त्याच खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभरही नसतो. नर्सरीवाले कॅलाथिया वाढवतात ते शेडनेटखाली, साधारण १०,००० ते २०,००० लक्समध्ये. म्हणजे झाड घरी येतं तेव्हा त्याची कमाई एकदम घसरते. मोठ्या कमाईवर बांधलेली सगळी पानं त्याला आता परवडत नाहीत, म्हणून खालची एक-दोन पानं ते सोडून देतं. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात पिवळं पडलेलं पान बहुतेक वेळा हेच असतं. तो रोग नाही. त्यासाठी औषध, खत, नवी माती यांतलं काहीही लागत नाही. पुढची पानं झाड नव्या उजेडाच्या बेताने बनवतं.

मग ठेवायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे: खिडकीपासून एक मीटरच्या आत, पण काचेतून येणारं दुपारचं ऊन पानावर पडणार नाही अशा जागी. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास चालतं. पश्चिमेच्या खिडकीला विरळ पडदा हवाच. जागा तपासायला एक साधी युक्ती आहे. झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि दुपारी त्याच्यावर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीच्या कडा मऊ, पसरट दिसल्या तर जागा उत्तम. सावली धारदार पडली तर ऊन जास्त आहे, आणि सावली दिसलीच नाही तर तो कोपरा सोडून द्या. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲपं अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. खिडकीच नसेल तर पांढरा एलईडी दिवा झाडापासून फूटभर वर लावून रोज बारा तास चालू ठेवावा. रात्री मात्र तो बंद करायचा, आणि त्याचं कारण या झाडाच्या सगळ्यात मोहक सवयीत आहे.

रात्री उभी राहणारी पानं

संध्याकाळ झाली की कॅलाथियाची पानं हळूहळू वर उचलली जातात आणि रात्री जवळजवळ उभी राहतात. सकाळी ती पुन्हा आडवी होतात. देठ आणि पान जिथे जुळतात तिथे एक किंचित फुगीर, गुळगुळीत भाग असतो. बोटाने चाचपून बघा, देठापेक्षा तो वेगळा लागतो. तो या पानाचा सांधा. त्याच्या एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियमचे आयन बाहेर जातात, त्यांच्यामागे पाणी जातं आणि ती बाजू सैल पडते. दुसऱ्या बाजूच्या पेशींत पाणी भरतं आणि ती फुगते. पान त्यामुळे वळतं. कुठलाही स्नायू नाही, फक्त पाण्याची ये-जा.

हे केवळ उजेड-अंधाराला दिलेलं उत्तर नाही. १७२९ साली ज्याँ-जाक दोर्तू द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधारात ठेवून पाहिलं, तेव्हा तिथेही त्याची पानं रोजच्या वेळेला उघडत-मिटत राहिली. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं हे पुढे कळलं. उजेड फक्त ते घड्याळ रोज जुळवून देतो. म्हणून चोवीस तास दिवा लावून ठेवला की ही लय बिघडते.

काळजी घेणाऱ्याला या हालचालीचा मोठा उपयोग आहे. पानं रोज वर-खाली होत असतील तर पेशींत पाणी भरण्या-उतरण्याचं काम नीट चालू आहे. ती दिवसाही उभीच राहू लागली किंवा लांबीच्या दिशेने नळीसारखी वळू लागली, तर झाडाला पाणी कमी पडतंय. टोकं तपकिरी व्हायच्या कितीतरी आधी हा इशारा मिळतो.

पाणी किती, हे प्रकाश ठरवतो

‘आठवड्यातून दोनदा पाणी’ असा सल्ला मला कधीच पटलेला नाही. तो देणाऱ्याला तुमची खिडकी माहीत नसते. झाड पाणी ओढतं ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते म्हणून, आणि ती छिद्रं उघडतात ती मुख्यतः प्रकाशात, साखर बनवायला हवा आत घेण्यासाठी. उजेड कमी तर छिद्रं कमी उघडतात, पाणी कमी लागतं, कुंडी उशिरा सुकते. तेच झाड खिडकीत असेल तर चार दिवसांत तहानेल आणि कोपऱ्यात असेल तर बारा दिवस ओलं राहील. घरातले बहुतेक कॅलाथिया मरतात ते या फरकाने: प्रकाश कोपऱ्याचा आणि पाणी खिडकीचं.

माती सतत चिंब राहिली तर तिच्यातली हवेची पोकळी पाण्याने भरून जाते. मुळांनाही श्वसनाला ऑक्सिजन लागतो. तो मिळेनासा झाला की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना कुजवते. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतलं झाड हुबेहूब तहानलेल्या झाडासारखं माना टाकतं. इथे घाईने आणखी पाणी घातलं की खेळ संपतो. पानं लोंबली की आधी मातीत बोट घाला. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा लागला तर पाणी द्या, भरपूर द्या, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. बोट ओलं निघालं तर थांबा. हळूहळू कुंडी उचलूनच अंदाज येऊ लागतो. ओल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनात चांगलाच फरक असतो. कोरडीठाक होण्याची वाट मात्र बघू नका. या झाडाला तेवढा ताण सोसत नाही.

सकाळी कधी पानांच्या टोकांना पाण्याचे थेंब लटकलेले दिसतात. घाबरायचं कारण नाही. रात्री वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही, मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात, आणि ते पानाच्या टोकाजवळच्या खास छिद्रांतून बाहेर येतं. रोज थेंब दिसत असतील तर माती जरा जास्त ओली आहे एवढं समजावं.

टोकं तपकिरी का होतात

आता मूळ प्रश्नाकडे. पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षारही मुळांतून वर येतात. पानातून पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. पाण्याचा प्रवास जिथे संपतो त्या टोकाला आणि कडांना ते साचत जातात, आणि एका मर्यादेनंतर तिथल्या पेशी मरतात. म्हणून तपकिरी रंग टोकापासून सुरू होतो आणि आत सरकतो. कॅलाथिया या बाबतीत इतर घरगुती झाडांपेक्षा हळवा आहे, विशेषतः फ्लोराइडच्या बाबतीत. पिण्याच्या पाण्यात माणसाला चालेल एवढं फ्लोराइडही त्याला सोसत नाही.

इथे बरेच गैरसमज आहेत. ‘नळाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवा आणि सकाळी घाला’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. त्याने क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात, ते तसं उडत नाही. फ्लोराइड आणि इतर क्षार तर कितीही दिवस ठेवले तरी जात नाहीत, आणि पाणी उकळल्यावर उलट त्यांचं प्रमाण वाढतं, कारण पाणी कमी होतं आणि क्षार तेवढेच राहतात. पावसाचं पाणी उत्तम. आरओ यंत्रातून निघालेलं शुद्ध पाणी चांगलं. मात्र त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी कॅलाथियाला कधीही घालू नये. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने बरेच जण तेच घालतात, पण क्षार तर सगळे त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं लहान यंत्र असेल तर आकडा दीडशेच्या आत असलेलं पाणी वापरावं असं मी सुचवेन. ते यंत्र एकूण क्षार दाखवतं, कोणते ते सांगत नाही, तरी अंदाज येतो.

चांगलं पाणी रोज मिळत नसेल तर दर दोन महिन्यांनी माती धुऊन काढा. कुंडी न्हाणीघरात किंवा सिंकमध्ये ठेवून, कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतायचं आणि तळातून पूर्ण निथळू द्यायचं. साचलेले क्षार त्याबरोबर निघून जातात. मातीच्या वर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट कवच दिसलं तर हे काम लांबणीवर टाकू नका.

खतही क्षारच आहे. सावलीतलं झाड हळू वाढतं, त्याला लागतं थोडं. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव ते अर्धा, तेही ओल्या मातीत. थंडीत वाढ थांबली की बंद. सुपर फॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराइड असतं.

सगळ्याच कडा क्षारांनी वाळत नाहीत, म्हणून जरा निरखून बघावं लागतं. फक्त टोक तपकिरी आणि त्याच्या आत पिवळी रेघ असेल तर संशय पाण्यावर घ्या. सगळी कड कुरकुरीत झाली आहे आणि पान वळतंय, तर हवा किंवा माती कोरडी आहे. फिकट, कागदासारखे डाग खिडकीकडच्या बाजूलाच असतील तर ऊन लागलंय. माती ओली असताना खालची पानं एकामागून एक पिवळी पडत असतील तर मुळं तपासा. एकदा वाळलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. ती खुपत असेल तर कात्रीने पानाच्या आकारात कापा, पण तपकिरी भागाची दोऱ्याएवढी रेघ ठेवून. हिरव्या भागावर कात्री चालली की तिथून नवी कड वाळते.

हवेतला ओलावा

आर्द्रता ५० टक्के म्हणजे हवेत मावेल त्याच्या निम्मी वाफ आहे. पण किती मावेल हे तापमानावर ठरतं. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सियसला साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. दोन्हीकडे आर्द्रता ५० टक्केच असली, तरी पहिल्या हवेत साडेआठ ग्रॅमची जागा रिकामी आहे आणि दुसऱ्या हवेत पंधरा ग्रॅमची. ही रिकामी जागा पानातून पाणी ओढून घेते. म्हणजे आकडा तोच असून गरम खोलीत पान जवळपास दुप्पट वेगाने सुकतं. उन्हाळ्यात मुळं भरपूर ओली असूनही कडा वाळतात, त्याचं उत्तर इथे आहे: पातळ पानातून पाणी जातंय त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत. थंडीत हीटर लावला की हेच होतं, कारण बाहेरची थोडी वाफ असलेली हवा तापवून आपण तिची रिकामी जागा वाढवतो. एअर कंडिशनर तर हवेतलं पाणी काढूनच टाकतो, त्यामुळे त्याचा झोत झाडावर येता कामा नये.

आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली तर बहुतेक जाती नीट राहतात, ६० च्या वर त्या खुलतात. त्यासाठी पानांवर पाणी फवारणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कमी उपयोगाचा उपाय आहे. फवाऱ्याने वाढलेला ओलावा काही मिनिटांत खोलीभर पसरून नाहीसा होतो; मागे राहतात त्या ओल्या पानांवर बुरशीचे डाग पडायला मोकळीक. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवल्याने किंचित फरक पडतो. चार-पाच झाडं एकत्र ठेवली तर त्यांच्याच वाफेने थोडा अधिक. खरा फरक पडतो तो ह्युमिडिफायरने, म्हणजे हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राने, किंवा काचेच्या कपाटात झाड ठेवल्याने. एवढी सोय नसेल तर सोशीक जात निवडा, तेच शहाणपणाचं. लांब, नागमोडी कडांच्या पानांचा रॅटलस्नेक बराच समजूतदार आहे. पांढऱ्या पट्ट्यांचा व्हाइट फ्यूजन सर्वांत कठीण. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतं, त्यामुळे त्याला उजेड जास्त लागतो आणि तो सोसण्याची ताकद मात्र कमी असते.

तापमान १८ ते २७ अंशांत असलं की हे झाड सुखी. १५ च्या खाली वाढ थांबते, १० च्या खाली पानांना इजा होते.

माती आणि कुंडी

ओलावा धरून ठेवेल आणि तरी हवा खेळती राहील, अशी माती हवी. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग नारळाच्या सोडणाचे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे, एक भाग परलाइट (खनिजाचे हलके, पांढरे दाणे) आणि एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं, म्हणून ते आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळून घ्या. बागेतली चिकट माती घालू नका.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला थर खाली जाण्याऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाला भोकं आणि हलकी माती एवढं पुरेसं आहे. कुंडीही आधीच्यापेक्षा इंच-दोन इंचच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. कुंडी बदलताना मुळांना लहान पांढरट गाठी दिसल्या तर त्या काढू नका. काही जातींत त्या असतातच, पाणी साठवायला.

लाल कोळी

कॅलाथियाचा खरा शत्रू एकच, लाल कोळी. आठ पायांचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा हा जीव पानाच्या मागे बसून रस शोषतो. पानावर धूळ बसल्यासारखे बारीक फिकट ठिपके, देठाच्या बेचक्यात तलम जाळं, ही त्याची खूण. कोरडी, गरम हवा त्याला मानवते. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून एकदा औषध मारून तो जात नाही, अंडी मागे राहतात. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आणि हे दर पाच-सहा दिवसांनी किमान तीन-चार वेळा करा. आधी एका पानावर घालून बघा, कारण काही जातींची पानं तेलाने भाजतात. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे साध्या कीटकनाशकांतली बरीच त्याच्यावर चालत नाहीत. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पानांची मागची बाजू पुसण्याची सवय लावली तर त्याचा बंदोबस्त मुळातच होतो, शिवाय धूळ जाऊन पानाला उजेडही पूर्ण मिळतो. पान चमकवण्याचे फवारे वापरू नका, त्यांनी छिद्रं बुजतात.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कॅलाथिया बिनधास्त आणा. तो त्यांना विषारी नाही. डिफेनबेकिया, अग्लोनिमा, मनीप्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ती पानं चावली तर तोंड भाजतं.

फुलं बहुतेक जातींत साधीच येतात आणि पानांआड लपून राहतात. पण त्यांची एक करामत सांगायलाच हवी. या कुळाच्या फुलातली दांडी ताणलेल्या अवस्थेत अडकवलेली असते. परागवाहक कीटकाचा धक्का लागला की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत झटकन वळते, आणि त्याच झटक्यात त्याच्या अंगावरचे पराग घेते व स्वतःचे लावते. एका फुलाला ही संधी एकदाच मिळते.

एकाची दोन झाडं

कॅलाथियाच्या पानाला किंवा देठाला पाण्यात ठेवून मुळं येत नाहीत. देठाचा तळ जमिनीतल्या गड्ड्यातून निघतो आणि नवा कोंब तिथूनच फुटतो. कितीही दिवस पाणी बदलत राहिलात तरी पान शेवटी कुजेल. जवळचा नातेवाईक असलेल्या मरांटाचं तसं नाही. त्याच्या खोडावर पेरं असतात आणि पेराखाली कापलेला तुकडा पाण्यात महिनाभरात मुळं धरतो.

कॅलाथियाचं विभाजन वाढीच्या दिवसांत, कुंडी बदलतानाच करावं. माती झटकून गड्डा मोकळा करा, सहज सुटणारे भाग हाताने वेगळे करा, जिथे अडेल तिथेच स्वच्छ सुरी वापरा. प्रत्येक भागाला किमान दोन-तीन कोंब आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. एकच पान असलेला तुकडा जगवणं कठीण जातं. लहान कुंडीत लावून वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला, म्हणजे तुटलेल्या मुळांवर भार पडणार नाही, आणि रोज थोडा वेळ ती उघडा. पहिले दोन-तीन आठवडे पानं मलूल राहतील, एखादं जाईलही. या काळात खत नको, जागा बदलणं नको. मधोमध नवा पोंगा वर आला की मुळं धरली आहेत. मग पिशवी चार-पाच दिवसांत हळूहळू काढून टाका, आणि ते पान पूर्ण उलगडल्यावर पहिलं पाव मात्रेचं खत द्या.